लेकीच्या चकतीचं आयुष्य

ज्योतिषी माणसाचं आयुष्य सांगतात आणि चुकतात. मी तीस वर्षं सिलिकॉनच्या चकत्यांचं आयुष्य सांगतोय, एकदाही चुकलो नाही. म्हणजे त्या गुरुवारपर्यंत!

युक्ती सोपी आहे. चकतीवर प्रकाशाचा झोत टाकला की आतले इलेक्ट्रॉन शाळा सुटल्यासारखे उधळतात. तेवढा वेळ वरून सोडलेल्या मायक्रोवेव्ह लहरी चकतीवरून जास्त परततात. पोरं दमून जागेवर बसली की ते परतणं ओसरतं. ओसरायला जितका वेळ लागला, तितकं चकतीचं आयुष्य.

त्या दिवशीची चकती माझ्या लेकीची होती. आमच्याच प्रयोगशाळेत दोन वर्षं खपून बनवलेली. पन्नास मायक्रोसेकंदांच्या वर आकडा आला तर ठीक, नाहीतर पाचच्या बैठकीत साहेब तिचा प्रयोग गुंडाळणार होते. काळजीनं तिनं सकाळपासून घास खाल्ला नव्हता. म्हणून मी तिचा स्टीलचा डबा यंत्राला अगदी खेटून ठेवला. मोजणी संपली की समोरच दिसावा!

आकडा आला नऊ. चकती फिरवली, नऊ. यंत्राला प्रेमानं एक चापट मारली, तरी नऊ. लेकीचा चेहरा एवढासा झाला. मी कोपऱ्यात जाऊन बायकोला फोन लावला आणि हळूच सांगितलं, की पोरीच्या चकतीचं आयुष्य फारच कमी आलंय. फोनची रेंज अशी, की 'चकती' वाटेतच गळाली.

पंधराव्या मिनिटाला ही दारात! एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात माझी. पोरीला कवटाळलं, कपाळ पाहिलं, नाडी पाहिली, जीभसुद्धा बाहेर काढायला लावली.

"कोण म्हणालं कमी आहे?"

"बाबांचं यंत्र," लेक मुसमुसली.

हिनं यंत्राकडे असं पाहिलं, की ते वितळायचंच बाकी होतं. मग नजर डब्यावर गेली.

"अहो, चार वाजले. पोर उपाशी, आणि डबा इथे शोभेला मांडलाय?"

तिनं डबा उचलला आणि पोरीला घास भरवला. यंत्र आपलं मोजतच होतं. पडद्यावर आकडा आला एक्क्याण्णव.

लेकीनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, लहरी डब्यावरून परतत होत्या, चकतीचं परतणं त्यात लवकर बुडून जायचं," ती म्हणाली, आणि तोंडात घास असतानाच हसायला लागली.

प्रयोग वाचला. दोन घास पोटात गेले की आयुष्य वाढतंच, असं बायको अजून सगळ्यांना सांगते.

यंत्रावर आता लेकीच्या अक्षरात पाटी आहे: 'डबे आणि बाबा हातभर लांब ठेवावेत.' मी नियम काटेकोर पाळतो. फक्त हात तिचा धरतो. तिचा आखूड आहे.