गुलाबरावांचं पोटशास्त्र

गुलाबराव ढोमणे कुणालाही भेटले की नमस्काराच्या आधी त्याच्या पोटाची चौकशी करत. माझ्या सासऱ्यांना पहिल्यांदाच भेटले तेव्हाही, "पोट कसं हाय?" सासरे अवघडून "ठीक आहे" म्हणाले, तर यांचं उत्तर, "चेहऱ्यावरून वाटत नाही." डोकेदुखी असो, केस गळणं असो की पोराचं मॅट्रिकला नापास होणं, त्यांचं निदान एकच. "गडबड पोटात हाय गा, मास्तर!"

नागपूरच्या प्रतापनगरात तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. पोस्टातून निवृत्त झालेले गुलाबराव आमच्या शेजारी एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी भिलाईला सासरी. त्यांचं पोटशास्त्र आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग गल्लीतला टायगर खाजवायला लागला.

नाव सोडलं तर त्या कुत्र्यात वाघाचं काहीच नव्हतं. त्यात पाठीवरचे केस गेले, कातडं लालभडक झालं. प्रत्येकानं आपापलं औषध लावून पाहिलं. कुणी कडुनिंबाचं पाणी, कुणी करंजाचं तेल, कुणी गंधक. टायगर पिवळा झाला, पण खाज जाईना. शेवटी लेकरांच्या काळजीनं गल्लीनं ठरवलं, पोळ्यापर्यंत वाट पाहायची, नाहीतर कुत्र्यांची गाडी बोलवायची. ती गाडी नेलेलं कुत्रं परत आणत नसे.

"मलम कातड्याले लावून राहिले, अन् रोग बसला पोटात!" असं गरजून गुलाबरावांनी टायगरला रिक्षात घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कातडं खरवडून तपासलं. खरजेचे किडे नव्हते. "याचं पोटही बिघडलेलं दिसतं. खातो काय हा?" त्यांनी विचारलं. गुलाबराव परतले ते पोरगं मेरिटमध्ये आल्याच्या थाटात.

मग ते ओट्यावर खुर्ची टाकून पाळतीला बसले. सकाळी एका घरचे तर्रीपोहे, दुपारी दुसरीकडचं झणझणीत वांगं, रविवारी तर घरोघरचा सावजी रस्सा. प्रत्येक घराला वाटे, बिचाऱ्याला आपल्याशिवाय आहे कोण? यात आमची ही सगळ्यांच्या पुढे.

"वहिनी, मायेनंच मारून राहिले तुम्ही त्याले."

"काहून? आम्ही बी तं तेच खातो!"

"मंग पोट कसं हाय तुमचं?"

ही तरातरा आत निघून गेली.

गुलाबरावांनी टायगरला आपल्या ओसरीत बांधलं. जेवायला फक्त ताकभात, नाहीतर ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकर. वाटी घेऊन फिरकणाऱ्या बायांना ते काठी आपटून परत पाठवत. टायगरनं आधी तोंड फिरवलं, मग नाइलाजानं खाल्लं, मग भांडं चाटायला लागला. आम्ही चहा पीत असताना कुंपणापलीकडून आरोळी येई, "मास्तर, आज एकदम घट्ट झाली!" चहा तसाच राहायचा. पण खाजवणं कमी होत गेलं, आणि श्रावण सरता सरता टायगरच्या पाठीवर मऊ तांबूस लव दिसायला लागली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचं सोंग मिरवतात आणि सगळी रोगराई तिच्याबरोबर गावाबाहेर घालवतात. त्या सकाळी गुलाबराव नवा सदरा घालून, टायगरच्या गळ्यात झेंडूची माळ घालून गल्लीत उतरले. "खाज-खुजली घेऊन जाय गे मारबत!" त्यांच्यामागे पोरं, पोरांमागे बाया, आणि गाडी बोलवा म्हणणारेही टाळ्या पिटत. मला तर त्या माणसाचा भयंकर अभिमान वाटला.

विजयाप्रीत्यर्थ हिनं संध्याकाळी सावजी रस्सा केला. मी बोलवायला गेलो. ओसरीत गुलाबराव आणि टायगर समोरासमोर बसले होते. ताटात ताकभात, भांड्यात ताकभात.

"अहो, पथ्य त्याला होतं!"

"त्याच्यापुढं मी रस्सा ओरपू काय? पहिल्या दिवसापासून हेच खाऊन राहिलो."

"आता तर बरा झाला ना तो?"

त्यांनी टायगरच्या नव्या केसांवरून हात फिरवला. "मास्तर, पोटाचं एक तुमाले सांगायचं राहिलं. एकट्यानं जेवलेलं पचत नाही गा. बायको गेल्यापासून आत्ता कुठं मले पचून राहिलं."

मी तसाच मागं वळलो. घरी आलो. ही रस्सा ढवळत होती.

"स्टोव्ह बंद कर," मी म्हटलं, "आणि ताटं घे. आज आपण चौघांनी ताकभात खायचा."