जगाची उलटी बाजू

अर्शीने घटक चाचणीत ब्राझील उचलून थेट ऑस्ट्रेलियाशेजारी नेऊन ठेवला, तेव्हापासून पिंप्राळ्यातल्या नासीर गादीवाल्याच्या घरात भूगोल हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नव्हतं. नकाशा आराखड्याच्या प्रश्नात तिला भोपळा मिळाला होता. भोपळ्याचं एक वेळ काही नाही, पण हितेंद्र सरांनी तिचा नकाशा वर्गाला दाखवला आणि विचारलं, "एवढ्या लोकांना बोटीत बसवून तिकडे कोणी नेलं?" सर मनाचे वाईट नव्हते, फक्त विनोदी होते. वर्ग पोट धरधरून हसला. नववीतली मुलगी मात्र त्या दिवसापासून शेवटच्या बाकावर सरकली ती सरकलीच.

"मला नाही जमत, अब्बा," ती म्हणाली. "डावीकडे पूर्व की उजवीकडे, इथेच माझा गोंधळ होतो. पुढचं जग तर लांबच राहिलं."

नासीरला ते लागलं. दुकानात बसून ही पोर गिऱ्हाइकाशी पटापटा बोलायची, आणि शाळेत तिच्या तोंडाला कुलूप लागावं, हे त्याला सहन होत नव्हतं. अशात सरांनी प्रकल्प दिला: पृथ्वीगोल स्वतः करायचा, घरात असेल त्याच सामानाचा, आणि शनिवारी त्याच गोलावर तोंडी परीक्षा द्यायची. घरात सामान काय, तर कापड आणि कापूस. नासीरने छाती पुढे काढली. "लोड, तक्के, गिरद्या, सगळं गोल गोलच करत आलोय. त्यात एक पृथ्वी. घाबरायचं काय?"

त्याने नकाशाची मोठी झेरॉक्स काढून आणली, तिच्या उभ्या पट्ट्या केल्या आणि निळ्या कापडाच्या लांबट कळ्या बेतल्या. मग अख्ख्या आयुष्यात जसं काम केलं तसंच केलं. खडू नेहमी कापडाच्या उलट्या बाजूला लावायचा. सुलट्या बाजूला डाग दिसला की गिऱ्हाईक बोंब मारतं, हे त्याच्या वडिलांनी त्याला कानशिलात देऊन शिकवलेलं होतं. म्हणून त्याने नकाशा उलट्या बाजूवर आखला, सुलट्या बाजूला रंगीत तुकडे टाचले, पाठीमागून रेषेवरून शिलाई मारली आणि पुढचं जादा कापड कातरून टाकलं. आफ्रिका फुलाफुलांच्या रजईची झाली, आशिया कोणाच्या तरी सोफ्याच्या मखमलीची, आणि अंटार्क्टिका उशीच्या अभ्र्याची. अर्शीने प्रत्येक तुकड्यावर सुंदर अक्षरात नावं घातली. दादीसाठी म्हणून तिने मस्कतच्या जागी एक लाल मणी शिवला. तिथे नईमचाचा होता, नासीरचा धाकटा भाऊ. सोफे शिवायला म्हणून गेला, तो अजून परतायचा होता.

शुक्रवारी संध्याकाळी कळ्या जोडून, कापूस ठासून, पृथ्वी तयार झाली. नासीरचा हात सढळ. गोल अर्शीच्या कमरेला लागत होता.

शनिवारी सकाळी नासीरची आई रहिमाबी नमाज आटोपून खाटेवर येऊन बसली. तिचं माहेर पारोळ्याकडच्या खेड्यातलं. इतकी वर्षं जळगावात काढूनही तिच्या तोंडची अहिराणी हलली नव्हती. नजर अधू झाली होती, म्हणून ती गोलाला नाक लावूनच बघू लागली.

"मना नईम कोठे शे यामा?"

"हा बघ दादी, भारत. इथे आपण. हा समुद्र, आणि हा लाल मणी म्हणजे चाचा." अर्शीने तिचं बोट धरून उजवीकडे नेलं. "उजवीकडे म्हणजे पूर्वेला." हे मात्र तिने अगदी घोकून ठेवलं होतं.

रहिमाबी मण्यावरून बोट फिरवत राहिली. मग तिचं बोट थांबलं. "आनि काबा? तो तं तिकडेच शे ना? नईम उमराले बसमा गया व्हता."

"हो, इथे. चाचाच्या आणखी उजवीकडे."

"म्हंजे उगवतीले?" म्हातारीने मान वर केली. "मंग मी इतला वरीस मावयतीले तोंड करीसन कोनाकडे बठस?"

नासीरने अर्शीचं पुस्तक ओढलं, नकाशा उघडला, गोलाकडे पाहिलं, पुन्हा नकाशाकडे पाहिलं. पुस्तकात अरबस्तान भारताच्या डावीकडे होतं. गोलावर उजवीकडे. चीन डावीकडे गेला होता. आफ्रिकेचं पोट भलत्याच बाजूला सुटलं होतं. खडू लावला उलट्या बाजूला, आणि जग बघायचं सुलट्या बाजूने! लोडाला काय, डावं-उजवं सारखंच. ही अक्कल त्याला आत्ता आली.

"बठ्ठी दुनियाच उलटी करी टाकी रे, नासीर!" रहिमाबी म्हणाली. तिच्या आवाजात रागापेक्षा सुटकाच जास्त होती. आपली नमाज बरोबर दिशेला होती, दुनिया चुकली होती.

अर्शीचा चेहरा उतरला. "आता परत हसतील," ती एवढंच म्हणाली. नासीरने पुस्तक मिटलं. या वेळी पोरीची चूकच नव्हती.

बाहेर अर्शीला रोज शाळेत नेणाऱ्या भिकनभाऊंची रिक्षा येऊन हॉर्न देत होती. आत काय झालं ते ऐकून भिकनभाऊंनी तिथल्या तिथे तोडगा काढला. "त्यात काय! आरसा घ्या सोबत. सरांना म्हणा, आरशात बघा. सगळं बरोबर दिसंल."

सगळ्यांनी भिकनभाऊंकडे पाहिलं, तसे ते हॉर्न वाजवायला परत गेले. पण आरसा हा शब्द नासीरच्या डोक्यात अडकला. आरशातलं जग खरं, म्हणजे पाठीमागून पाहिलेलं जग खरं. आणि पाठ तर आत होती! त्याने कात्री घेतली, दक्षिण ध्रुव उसवला, मूठमूठ कापूस बाहेर ओढला आणि उशीचा अभ्रा पलटावा तसा अख्खा गोल उलटा केला.

निळं, फिक्कट कापड वर आलं. त्यावर शिलाईच्या रेषा, खडूचे पुसट ओरखडे, लोंबणारे दोरे, कळ्यांच्या उघड्या शिवणी. पण आफ्रिका आपल्या जागी होती, अरबस्तान डावीकडे होतं, आणि मस्कतला मण्याच्या जागी दोऱ्याची गाठ होती.

"अब्बा, नावं आत गेली!"

"नावं तुझ्या डोक्यात आहेत ना?"

"नाही!" अर्शी ओरडली.

"मग वाटेत घाल," असं म्हणत नासीरने कापसाचं पोतं रिक्षात टाकलं.

वाटेत बाप कापूस कोंबत होता आणि लेक जग पाठ करत होती. एकेक खंड फुगून वर आला की तिने नाव घ्यायचं, असं ठरलं. चौकात ऑस्ट्रेलिया फुगला. रेल्वे फाटकापाशी रशिया नासीरच्या मांडीवर आला. "डावीकडे काय, ते मला लक्षातच राहत नाही," ती रडवेली होऊन म्हणाली.

"डावं-उजवं सोड," नासीर म्हणाला. "दादी कुठे तोंड करते, ते लक्षात राहतं?"

अर्शीने गाठीवर बोट ठेवलं आणि शाळेपर्यंत तिथून हलवलं नाही.

शाळेच्या फाटकात नवीनच भानगड झाली. रिक्षात बसून भरलेली पृथ्वी आता रिक्षातून बाहेर येईना. भिकनभाऊंनी ओढलं, नासीरने ढकललं, शिपायाने दोन्हीकडून सल्ला दिला. वर्गातली पोरं खिडकीत जमली. शेवटी हसण्याचा आवाज ऐकून हितेंद्र सर स्वतः फाटकापाशी आले.

"हे काय आहे?"

"पृथ्वी आहे, सर," नासीर घाम पुसत म्हणाला. "जरा भरून झाली."

सर वाकून आत बघू लागले. "दोरे बाहेर का? आणि या शिवणी?"

नासीर तोंड उघडणार, तोच अर्शी म्हणाली, "शिवणी म्हणजे रेखावृत्तं, सर. ध्रुवापासून ध्रुवापर्यंत." मग ती प्रामाणिकपणे म्हणाली, "दोरे तसेच राहिलेत."

सर हसले, पण या वेळी वेगळं. "नावं कुठे आहेत?"

"आत आहेत, सर."

"बघू तर. ब्राझील दाखव."

खिडकीतल्या पोरांनी माना बाहेर काढल्या. नासीरला कापसाच्या पोत्यात शिरून बसावंसं वाटलं. अर्शीने रिक्षात हात घातला आणि गाठ चाचपली. "हे मस्कत. माझी दादी नमाजेला मावळतीकडे तोंड करते, म्हणजे आपण गाठीच्या पूर्वेला. हा भारत." तिचं बोट परत फिरलं. "मावळतीकडेच जात राहायचं. अरबस्तान, तांबडा समुद्र, आफ्रिका. आफ्रिका संपली की अटलांटिक. आणि समुद्र संपला की…" बोट रिक्षाच्या दांडीला अडलं. तिने दांडीखालून हात घातला. "हा ब्राझील. ऑस्ट्रेलियापासून खूप लांब आहे, सर. बोटीने पण जात नाहीत."

आधी सर हसले, मग खिडकी हसली, आणि सगळ्यांत शेवटी अर्शी. नासीरने रुमाल काढला आणि घामाचं निमित्त करून डोळे पुसले.

"तोंडी परीक्षेचे पूर्ण गुण," सर म्हणाले. "प्रकल्पाचे मात्र अर्धे. उरलेलं अर्धं जग सीटकडे आहे, ते मला दिसत नाही."

दुपारी पोटातला कापूस काढल्यावर पृथ्वी रिक्षातून सुटली आणि घरी येऊन पुन्हा भरली गेली. "परत सुलटी करायची का?" नासीरने विचारलं. अर्शी नको म्हणाली.

रहिमाबीला मणी दिसेना, तेव्हा अर्शीने तिचं बोट गाठीवर टेकवलं. अधू डोळ्यांच्या म्हातारीला मण्यापेक्षा गाठच बरी समजली. ती कितीतरी वेळ तिच्यावरून बोट फिरवत होती. मग तिने बोट काब्यापर्यंत नेलं, परत गाठीवर आणलं, परत जळगावला.

"बठ्ठं एकाच रांगमा शे," ती पुटपुटली. "म्हंजे मी नमाजले बठस तवय मनं तोंड नईमकडेच ऱ्हास?"

"हो, दादी. तो मध्येच आहे."

म्हातारीने दोन्ही कानांना हात लावले. "तौबा. ध्यान अल्लाकडेच ऱ्हास मनं." तिने पदराने डोळे टिपले आणि नासीरकडे वळून म्हणाली, "फोन लाव त्याले. सांग, तुनी माय रोज पाच येळा तुनाकडे देखस. दाढी जरा नीट ठेव म्हना."