जांभईची कार्यपद्धती

लेखकाच्या कामाची शिस्त घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात असते, ही बाब साहित्याच्या इतिहासात कुठेही नोंदलेली नाही. ती इथे नोंदवतो.

आमच्या घरी एकतीस वर्षं पद्धत अशी होती. सकाळी सहा ते नऊ मी लिहायचो. (यात पेन्सिलींना टोक काढणं, समोरच्या शिंप्यानं दुकान उघडलं का ते पाहणं आणि चष्मा शोधणं धरलेलं आहे. प्रत्यक्ष लेखन बावीस मिनिटं.) नऊला स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मी ते मोठ्यानं वाचायचो. बायको भाजी चिरत ऐकायची. मत द्यायची नाही. तिला जांभई आली की ते पान रद्द. अपिलाची सोय नव्हती.

एकदा मी म्हणालो, "अगं, हे प्रेमाचं वर्णन आहे."

"असू दे की. मी कुठे काय म्हटलं?" असं म्हणून तिनं दुसरी जांभई दिली.

या पद्धतीनं अकरा पुस्तकं झाली. समीक्षकांनी माझ्या शैलीला संयमी म्हटलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. लोकांना तो विनय वाटला.

चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. बारावी कादंबरी तेव्हा नुकती सुरू झाली होती. पद रिक्त झाल्यानं एकही पान रद्द होईना. कादंबरी सातशे चाळीस पानांवर गेली, आणि त्यातला नायक पान दोनशे बारापासून जिना उतरत होता. प्रकाशकांनी कळवलं, महिनाअखेरीस आटोपशीर हस्तलिखित द्या, नाहीतर पुस्तक यादीतून काढू.

पद भरण्याचे रीतसर प्रयत्न झाले. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक पहिल्याच परिच्छेदाला घोरू लागले, त्यामुळे नेमकी जागा कळेना. मेहुणी ओळीओळीला रडली. (तिला बहीण आठवत होती. कादंबरी जिन्याबद्दल आहे.) आरशासमोर बसून स्वतःलाही वाचून दाखवलं, पण स्वतःच्या लेखनाला जांभई देणारा लेखक अजून जन्मायचा आहे.

शेवटी आठवडाभर राहायला आलेल्या मुलीला बसवलं. ती नुकती कामावरून आली होती. अडतीस पानं तिनं निमूट ऐकली आणि मग तोंड उघडलं. अगदी आईसारखं, डावा डोळा आधी मिटून. मला क्षणभर पुढची ओळ दिसेना. मग मी पेन्सिल उचलली.

"बाबा, मी पहाटे पाचला उठलेय. तुमच्या जिन्याचा काही संबंध नाही."

"कारण विचारायची पद्धत नाही. पुढे ऐक."

"अजून आहे?"

त्या आठवड्यात चारशे नव्वद पानं रद्द झाली. नायक एका वाक्यात खाली पोचला. कादंबरी मुदतीच्या दोन दिवस आधी गेली, आणि मुलगी झोप काढायला आपल्या घरी गेली.

त्यामुळे हा मजकूर कुणालाही वाचून दाखवलेला नाही. एकतीस वर्षं तुमच्या वाटणीच्या जांभया माझी बायको देत होती, आणि तुम्ही समजत होतात की मी चांगला लिहितो. आज प्रथमच तुमची जांभई तुम्हाला स्वतः द्यावी लागली असेल. ती तुम्ही तोंडावर हात ठेवून दिलीत, आणि तरीही सभ्यपणे इथवर वाचत आलात.

तुमच्याशी माझा संसार एक दिवसही टिकला नसता.