तवनाप्पांची फळी

लोक मुलगी बघायचा कार्यक्रम करतात, आमचे शेजारी तवनाप्पा फळी बघायचा करत. टिळकवाडीतल्या त्यांच्या बैठकीत पाट मांडलेला, पाटावर फळी उभी, समोर आम्ही शेजारीपाजारी पोह्यांच्या बशा घेऊन. मारुती सुतार मुलीच्या बापासारखा घाम पुसत कोपऱ्यात.

तवनाप्पा फळी उजेडात फिरवत विचारायचे, "घराणं कुठलं?"

"खानापूरच्या रानातलं सागवान, आप्पा."

"गालावर डाग हाय की रं!"

"गाठ हाय ती."

"तेच की! मास्तर, तुमचं काय मत?"

पोहे झकास झालेत, एवढंच माझं मत असायचं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. तवनाप्पा तंबाखूचे व्यापारी. लष्कराच्या कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपली शर्यतीची लाल मोटार त्यांना विकून गेला. दोनच माणसांची, उघडी आणि इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे पंगतीला बसणं. ती एक पावसाळा तंबाखूच्या गोदामात राहिली आणि पुढची लाकडी फळी, म्हणजे डॅशबोर्ड, वाळवीनं फस्त केली. वेगाची न् पेट्रोलची घड्याळं तारांना लोंबायला लागली.

मोटार घेतली होती बायकोसाठी; तिला घरीदारी सगळेच आक्का म्हणत. आक्कांचं माहेर निपाणीचं. सर्व्हिस मोटारीत, म्हणजे प्रवासी बसमध्ये, त्यांना अशी घेरी यायची की कित्येक वर्षांत त्या माहेरी गेल्या नव्हत्या. तिकडे आई थकलेली, लेकीला एकदा डोळे भरून बघू द्या म्हणून निरोपावर निरोप धाडत होती. आणि हा गृहस्थ इकडे गावाला पोहे चारतोय! माझं डोकंच फिरायचं.

"अहो, ठोका कुठली तरी फळी आणि निघा की!"

"मन बसलं पायजे, मास्तर."

झालं. शिसवी आली, ती काळी म्हणून परत गेली. कुणीतरी चामडं मढवा म्हणालं, तर तवनाप्पांनी, पक्के जैन ते, दोन्ही कान धरले. साहेबाची सीट चामड्याची म्हणून तिच्यावर त्यांनी आधीच वाकळ आंथरलेली! पितळी पत्रा आला, तोही गेला.

शेवटी मारुतीनं हट्टाला पेटून सागवानावर लाखेचं असं पॉलिश चढवलं की मी त्यात बघून मिशा सारख्या केल्या. आम्ही वाहवा केली. तवनाप्पांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "झाड दिसतंय."

खिडकीबाहेरचा नारळ फळीत डुलत होता.

"नको ही."

"आप्पा, साहेबाच्या बी मोटारीत अशी चकाकी न्हवती ओ!" मारुती रडायचाच बाकी होता.

पुढच्या खेपेला त्यानं वैतागून फणसाची फळी आणून आपटली. पिवळसर, नुसत्या तेलानं पुसलेली, चकाकीचं नाव नाही, अंगभर नागमोडी रेषा. तवनाप्पा तिच्या एकेका रेषेवरून नजर फिरवत गेले. मग म्हणाले, "बसलं मन."

फळी बसली, घड्याळं तिच्यात बसली, आणि एका सकाळी मलाही वाकळेवर बसवण्यात आलं.

"मान खाली घाला मास्तर. फळी सोडून कुठं बघायचं न्हाय. काकतीपतोर."

"अहो, पण का?"

"बघा तर!"

अर्ध्या वाटेत म्हैस हंबरली म्हणून मी मान वर केली. तवनाप्पांनी करकचून ब्रेक लावला. "वर बघितलासा!" असं म्हणून मोटार वळवली, थेट टिळकवाडीत नेली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. शाळेत मी पोरांना अशा शिक्षा देतो.

निपाणीच्या वाटेवरच्या काकतीला उतरलो तर विचारतात, "घेरी आली?"

"राग आलाय!"

"रागाचं ऱ्हाऊ द्या ओ. घेरी?"

"नाही आली."

त्यांचा चेहरा असा फुलला की माझा राग कुठल्या कुठे गेला. मोटारीला टेकून ते म्हणाले, "पळती झाडं बघितली की आक्काला घेरी येतिया, मास्तर. नजर एका जागी ठेवायला कायतरी नको व्हय? चकाकीत परत झाडंच दिसत्यात. गाठ असली की डोळ्याला टोचतिया. ह्या फळीला रेषा लई हायत. एकेक बघत गेली तर निपाणीपतोर पुरतील."

मी उगाच मोटारीची धूळ पुसली.

दुसऱ्याच दिवशी दोघं निपाणीला गेली. आठवड्यानं आक्का आमच्याकडे आईनं दिलेले लाडू घेऊन आल्या. आई भेटली, बोलली, गळ्यात पडून रडली, सगळं सांगून झालं.

"आणि घेरी?" मी विचारलं.

"न्हाय आली."

"बघा! फळी कामाला आली म्हणायची."

आक्का हसल्या. दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाल्या, "फळीकडं कोण बघतंय, मास्तर? मी ह्यांच्याकडंच बघत गेलते. रोज पहाटे गोदामात जात्यात, दिवे लागल्यावर येत्यात, जेवताना बी तंबाखूचंच डोक्यात. एवढा वेळ शेजारी गप बसलेले मला कधी घावलेच न्हवते." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "त्यांना सांगू नका हं. फळीपायी लई झिजल्यात."