चर्चच्या उजव्या हाताला

खियोस या ग्रीक बेटावर आपल्याला माहीत नाही असा एकही रस्ता नाही, असं स्तामातिस टॅक्सीवाला म्हणायचा, आणि तेही कुणी न विचारता. शहरातल्या जुन्या किल्ल्याच्या गल्ल्या, संत्र्यांच्या बागा, दक्षिणेची गावं आणि शेवटी काळ्या गोट्यांचा किनारा, असं सगळं बेट तो पाहुण्यांना एका दिवसात दाखवी. वाटेत थांबून कुणाला रस्ता विचारणं म्हणजे त्याच्या लेखी भर चौकात नाक कापून घेणं होतं.

त्याच्या सासऱ्याला मात्र या हुशारीचं कौतुक नव्हतं. पांदेलिसबुवा पिर्गी गावचे, जन्मभर मस्तकीच्या, म्हणजे सुगंधी डिंकाच्या, झाडांत वाढलेले. अठरा वर्षांत त्यांनी जावयाला एकाही झाडाला हात लावू दिला नव्हता. "शहरी माणूस. त्याला झाड म्हणजे गाडी सावलीत लावायची जागा," असं ते चारचौघांत म्हणत आणि चारचौघं हसत. स्तामातिसला हे फार लागायचं. एकदा तरी म्हाताऱ्याने आपल्याला कामाचा माणूस म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

ती संधी या ऑगस्टात आली. गच्चीवर टोमॅटो वाळत घालताना पांदेलिसबुवा घसरले आणि खुबा मोडून खाटेला खिळले. झाडांना चिरा देऊन झाल्या होत्या, बुंध्याभोवती झाडून-पुसून पांढरी माती पसरली होती. आता चीक टपटपणार, मातीवर वाळून त्याचे खडे होणार आणि मग ते वेचायचे. तोवर दोन आठवडे राखण हवी होती. नाइलाज झाला, तेव्हा म्हाताऱ्याने जावयाला बोलावलं.

"इसिदोर संताच्या चर्चच्या उजव्या हाताला आपली झाडं," ते म्हणाले. "डाव्या हाताची मारुकोची. विधवा बाई आहे, तिच्या मातीवर तुझं पाऊलसुद्धा पडता कामा नये. कळलं? की दाखवायला कुणाला बरोबर देऊ?"

"मामा, रस्ता? मला?" स्तामातिस म्हणाला.

गोष्ट फसली ती इथेच, हे आताच सांगून टाकतो. पिर्गीचा माणूस झाडांकडे गावातून जातो. स्तामातिस पाहुण्यांना घेऊन किनाऱ्याकडून वर चढायचा. त्या बाजूने आलं की उजवा हात डावा होतो आणि डावा उजवा. आमच्याकडे मस्तकीच्या झाडांना कुंपण नसतं. कुणाचं झाड कुठलं, हे ज्याला त्याला ठाऊक असतं. ज्याला नसतं तो विचारतो. स्तामातिसने विचारलं नाही.

उलट त्याने सहलीत एक थांबा वाढवला. आधी काळा किनारा. तिथे तो पाहुण्यांना ओळीत उभं करून सांगायचा, की इथला एकही गोटा उचलायचा नाही, या बेटावर दुसऱ्याच्या वस्तूला हात लावलेला खपत नाही. एका निवृत्त डच मास्तरणीला तर त्याने पिशवी उलटी करायला लावून दोन गोटे परत समुद्रात टाकायला लावले. बिचारी शरमेने लाल झाली. तिथून वर झाडांकडे आलं, की हाच गृहस्थ हात पसरून म्हणे, "घ्या, पाहिजे तेवढं घ्या. आपल्या घरचंच आहे." पाहुणे मूठ मूठ खडे वेचत, झाडाला टेकून फोटो काढत. संध्याकाळी तो सासऱ्याला सांगे, की खडे हरभऱ्याएवढे झालेत, काळजी नको. म्हातारा मान हलवी. एकदा तर त्यांनी मुलीला, अर्गिरोला, जावयाच्या ताटात वांग्याचा मोठा तुकडा वाढायला सांगितलं. स्तामातिसला तो तुकडा गिळताना भरून आलं.

इकडे गावात बोंब उठली. मारुकोकाकू पहाटे वेचायला गेली, तर खडे गायब आणि मातीवर पावलंच पावलं! मोठी, लहान, आणि काही चक्क उंच टाचांची. पिर्गीत मस्तकी चोरणं म्हणजे देवळातली पेटी फोडण्यासारखं. चौकातल्या कॉफीच्या दुकानात ठरलं, की ही बाहेरगावची टोळी आहे आणि टोळीत एक बाईसुद्धा आहे. पांदेलिसबुवांना खुर्चीसकट उचलून तिथे आणलं होतं. त्यांनी संताची शपथ घेऊन सांगितलं, की चोर सापडला की मी स्वतः त्याला कान धरून चौकात उभा करीन.

स्तामातिसलाही चेव चढला. आमच्या झाडांकडे फिरकायची चोराची छाती नाही, कारण तिथे मी असतो, असं तो म्हणाला. वर युक्तीही त्यानेच दिली. "काकूच्या झाडांत चार माणसं लपवून बसवा. रंगेहाथ पकडा." मला पाहुणे आहेत म्हणून येता येणार नाही, याचं त्याने मनापासून वाईटही मानलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास चार माणसं, मारुकोकाकू आणि खुर्चीत पांदेलिसबुवा झुडपाआड दबा धरून बसले. किनाऱ्याकडून गाडी आली. पाच पाहुणे उतरले; त्यात तीच डच मास्तरीण होती, खास दुसऱ्यांदा आलेली. तिने सवयीने बुंध्याशी वाकून मूठ भरली.

माणसं बाहेर आली.

"मामा," स्तामातिस म्हणाला, "आपल्या झाडांत तुम्ही कशाला लपलात?"

पांदेलिसबुवांनी नुसती काठी उचलली आणि चर्चपलीकडे दाखवली. तिकडच्या पांढऱ्याशुभ्र मातीवर तीन शेळ्या आरामात रवंथ करत बसल्या होत्या. वर्षाची मस्तकी त्यांच्या पोटाखाली होती.

काहीतरी बिनसलंय हे मास्तरणीला कळलं. शिकवणी लावल्यामुळे मोडकंतोडकं ग्रीक तिला येत होतं, आणि ती त्याच्या बचावाला धावली. हा माणूस अत्यंत प्रामाणिक आहे, तिने सगळ्यांना सांगितलं. त्याने मला गोटासुद्धा घेऊ दिला नाही. आणि उदार किती! तिने फोन पुढे केला. त्यात सहलीच्या पानावर निरनिराळ्या देशांतल्या छत्तीस लोकांनी लिहिलं होतं, की स्तामातिसच्या झाडांखाली हवी तेवढी मस्तकी मिळते, पिशवी बरोबर न्यावी. मारुकोकाकूने एकेक फोटो शांतपणे पाहिला. उंच टाचांची बाईही सापडली.

मग पांदेलिसबुवांनी टोपी काढली. जन्मात कुणापुढे न वाकलेला म्हातारा त्या बाईसमोर मान खाली घालून म्हणाला, "मारुको, चोर माझ्या घरातला निघाला." ते पाहून स्तामातिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी कानफटात मारली असती तर बरं वाटलं असतं. शिव्या देतील म्हणून तो वाट पाहत राहिला, पण सासऱ्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी तो स्वतःहून चौकात गेला. कान धरून नेण्याचे कष्ट म्हाताऱ्याला नकोत, एवढंच त्याच्या मनात होतं. दुकान भरलेलं होतं, दारात मारुकोकाकू हाताची घडी घालून उभी होती. त्याने सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. आमच्या झाडांचं जे काही वाचलंय ते सगळं काकूचं, आणि हिवाळाभर मी तिच्या ओट्यावर बसून खडे निवडून देईन, असं कबूल केलं. काकू म्हणाली, "येताना चष्मा आण."

मग त्याने सासऱ्याकडे पाहिलं. "मामा, गाव मला चोर म्हणेल. तुमचं नाव मी घालवलं."

"कुणी म्हणणार नाही," पांदेलिसबुवा म्हणाले. "तू यायच्या आधीच मी सांगितलं, की माझा जावई चोर नाही, मूर्ख आहे."

"आणि पटलं लोकांना?"

"लगेच."

स्तामातिसने आजूबाजूला पाहिलं. सगळं दुकान मायेने मान डोलावत होतं. कुणाच्याही चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. दुकानदाराने त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि पाठीवर हात फिरवला. चोर म्हणाले असते, तर निदान अक्कल आहे एवढं तरी धरून चालले असते, असं त्याला वाटलं. पण हे बोलून न दाखवण्याइतकी अक्कल त्याला त्या दिवशी प्रथमच आली होती.