मेजावरचं पांढरं कापड

आमची आई नव्या माणसाकडे आधी रुमाल मागायची. नाव, गाव, नोकरी सगळं नंतर. "घडी बघू," म्हणायची. घडी वाकडी तर माणूस वाकडा. माझी बायको या परीक्षेत पहिली आली. माझा मेव्हणा नापास झाला आणि पुढे जॉइंट सेक्रेटरी होऊनही आमच्या घरात "तो चुरगळलेला" म्हणूनच ओळखला गेला.

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात आईनं तीस वर्षं चादरी-अभ्र्यांचं कोठार सांभाळलं. मंत्री असो की शिपाई, घाम सारखाच, असं तिचं मत होतं आणि ते ती मंत्र्यांसमोरही मांडायची. करोल बागेतला आमचा इस्त्रीवाला तिला पाहिलं की कोळसे फुंकायला खाली वाकायचा. "भैया, इस पे बैल बैठा था क्या?" असं ती तिसऱ्या मजल्यावरून विचारायची.

गेल्या महिन्यात ती गेली. चर्चमधल्या स्मरण-उपासनेत पाळकसाहेबांनी वाचलं की आजी शांत, सोशिक, मितभाषी होत्या. नातवंडं माना डोलावत होती. मला संताप आला. शांत? या बाईनं उपासना थांबवून चर्चचा पडदा उतरवायला लावला होता, कारण शिवण उलटी होती. पुढे वाचलं गेलं, "अखेरपर्यंत त्यांनी प्रभुभोजनाच्या मेजाची सेवा केली." ते वाक्य मी लिहून दिलं होतं. ते खोटं आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मराठी मंडळीत प्रभुभोजन असतं. भाकर आणि प्रभूचं रक्त म्हणून दिला जाणारा द्राक्षरस ज्या मेजावर ठेवतात, त्यावरचं पांढरं सुती कापड चाळीस वर्षं आई धुवायची. नीळ, खळ, इस्त्री सगळं स्वतः. गुडघे गेल्यावर तिचं जिने उतरणं बंद झालं. मग आदल्या शनिवारी मी नोएडाहून येऊन कापड न्यायचो आणि रविवारी उपासनेनंतर परत आणून द्यायचो.

सहा वर्षांपूर्वी एका सभासदानं वडिलांच्या स्मरणार्थ सॅटिनचं कापड दिलं. सोनेरी झालर, धुवायची कटकट नाही. चर्चच्या पंचांनी एका मिनिटात ठराव केला. चाळीस वर्षांच्या हातांना एक मिनिट. आभाराचं पत्र नाही, काही नाही. आणि ठराव लिहिणारा सेक्रेटरी कोण? मीच. आजींना कोण सांगणार, म्हणून सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हणालो, सांगतो.

सांगितलं नाही. सहा वर्षं तिनं धुतलेलं कापड मी गाडीच्या डिकीत ठेवायचो. रविवारी पार्किंगमध्ये उभा राहून ते दोन्ही हातांनी चुरगळायचो आणि तिला परत द्यायचो. घरी भेटायला येणाऱ्या पाळकसाहेबांनाही मी गप्प बसवलं होतं. डाग का नाही, असं तिनं एकदा विचारलं. पुढच्या महिन्यापासून मी थोडं कोकम सरबत सांडायला लागलो. साठी उलटलेला, केंद्र सरकारातून निवृत्त झालेला माणूस, पार्किंगमध्ये कापडावर सरबत सांडतो. पंचांवर मी आजही चिडतो, पण ते निदान उघडपणे वागले होते.

शेवटच्या आजारात मला राहवलं नाही. तिच्या खाटेशी बसून सगळं सांगून टाकलं. मनात म्हटलं, आता ही बाई मला सोडत नाही.

ती माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत होती. "प्रभूच्या रक्ताला कोकमाचा वास येत नाही, भास्कर," ती म्हणाली.

मी म्हणालो, "मग सहा वर्षं धूत का बसलीस?"

तिनं खिशातला रुमाल ओढून घेतला. पोटावर ठेवून, कडेला कड लावून त्याची पुन्हा घडी केली.

"त्या निमित्तानं महिन्यातून दोनदा तरी यायचास," ती म्हणाली. "एकदा न्यायला आणि एकदा परत द्यायला."