मोहिते काकांच्या भिंती

मानवी संस्कृतीचा पाया अग्नी नाही, चाकही नाही, भिंत आहे. हे मत आमच्या चारकोपच्या सोसायटीतल्या मोहिते काकांचं. त्यांनी स्वतः बांधलेल्या सगळ्या भिंती मात्र एका जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कमध्ये आहेत.

काकांचं बालपण विक्रोळीच्या चाळीत गेलं, एका खोलीत नऊ माणसांत. त्यामुळे निवृत्तीनंतर डिस्क हाती येताच त्यांनी तिचे भाग पाडले. काकूंचा, मुलाचा, स्वतःचा, लाइट बिलांचा. गणपतीच्या फोटोंना वेगळा, गौरींच्या फोटोंना वेगळा. "प्रत्येकाला आपली खोली पाहिजे रे," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं, "जागा नसते, करावी लागते."

गेल्या आठवड्यात मला बोलावणं आलं. काकूंच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग फोनमध्ये मावेना आणि डिस्कवरची त्यांची खोली रेसिपींच्या व्हिडिओंनी छतापर्यंत भरलेली. काकांनी डिस्कच्या टोकाला उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत नवी खोली काढली होती. खोली निघाली, पण तिच्यात फाइलसिस्टिम बनेना. काकांनी केबल काढून पुसली, परत लावली, तीच कमांड मोठ्याने वाचत पुन्हा दिली. एरर आपल्या मतावर ठाम.

"काका, फाइलसिस्टिम म्हणजे मांडणी," मी म्हटलं. "डबे ठेवायच्या आधी ती उभी करावी लागते. या पट्टीत मांडणीच मावत नाही, भजनं कुठे ठेवणार?"

"आमच्याकडे नऊ माणसं झोपायची! इथे एक मांडणी मावत नाही?"

"माणसं कुशीवर वळतात, काका."

"घरात एक कपाट लावा म्हणून सांगून थकले," स्वयंपाकघरातून काकू. "आणि हे त्या खोक्यात टॉवर बांधतायत!"

हलक्या जातीची मांडणी बसली असती, पण मग जेमतेम एका अभंगापुरती जागा उरली असती.

खरा उपाय सोपा होता. सगळ्यांत मोठा भाग निखिलचा, आणि तो पूर्ण रिकामा. निखिल म्हणजे त्यांचा मुलगा. लग्न झाल्यावर, या वन रूम किचनमध्ये राहायचं कुठे, यावरून बापाशी भांडून तो घाटकोपरला गेला. नंतर फिरकला नाही.

"याच्यातली थोडी घेऊ," मी म्हटलं.

काकांनी माउसवर हात ठेवला. "आणि तो आला तर?"

"काका, त्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे."

"असू दे. जागा नाही म्हणून एकदा ऐकलंय मी त्याच्याकडून."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

मग काकांनी स्वतःचा भाग निवडला. कारखान्यातल्या दोस्तांचे फोटो, निरोप समारंभातलं भाषण, सगळं एका पेनड्राइव्हवर घेतलं आणि मधली भिंत पाडली. पट्टी रुंद झाली, मांडणी पहिल्याच कमांडला उभी राहिली.

"बघितलंस? करावी लागते."

"पण काका, तुम्हाला खोलीच उरली नाही."

"मला काय रे," पेनड्राइव्ह दारामागच्या खिळ्याला अडकवत ते म्हणाले, "चाळीतही मी गॅलरीतच झोपायचो."

निखिलचा भाग अजून रिकामाच आहे. घाटकोपरहून इथे आमच्या कांदिवलीला मेट्रोने यायचं तर एकदाच गाडी बदलावी लागते.